मदत हवी आहे: घोडा, घोडी, घोडं... एका शब्दाची एवढी बिऱ्हाडं कशी?

शाळूची_कणसं

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. दरवर्षी तीच भाषणं आणि तीच रांगोळी होते, म्हणून यंदा आठवी-नववीच्या मुलांकडून एक मोठा फलक करून घेतेय. एकच शब्द घ्यायचा, तो कुठून आला, कुठं कुठं फिरला आणि काय काय अर्थ घेऊन बसला, ते मुलांनी शोधून लावायचं. प्राण्याचा शब्द हवा अशी अट मुलांनीच घातली, मतदान झालं आणि 'घोडा' निवडून आला. कुत्रा थोडक्यात पडला. बरंच झालं, नाहीतर निम्मा फलक शिव्यांनीच भरला असता.

आता घोडं अडलंय ते इथं. वर्गात घरी तेलुगू, कन्नड आणि दखनी बोलणारी मुलं आहेत. त्यांना म्हटलं, घरचा शब्द विचारून या. शहराच्या पूर्व भागातली तेलुगू पोरं 'गुर्रम' घेऊन आली, अक्कलकोटकडची 'कुदुरे', आणि दखनीवाल्यांचा 'घोडा' तर आपलाच. यावरून शिक्षकांच्या खोलीत जुंपली. कन्नड मातृभाषा असलेल्या एका बाई म्हणतात, 'तुमचा घोडा आमच्या कुदुरेवरूनच आलाय.' संस्कृतचे सर म्हणतात, 'घोटक, घोडअ, घोडा. विषय संपला.' दोघंही मागे हटत नाहीत. फलकावर काय लिहू?

दुसरी अडचण अर्थांची. मुलांनी आणलेलं सगळं एका पिशवीत कोंबल्यासारखं झालंय: रंगारी चढतो ती घोडी, बंदुकीचा घोडा, बुद्धिबळातला घोडा, घोडचूक, घोडनवरी, कागदी घोडे. गाणं शिकणारी एक मुलगी म्हणाली, तंबोऱ्यालाही घोडी असते. एकानं पायाचा 'घोटा' आणलाय, कारण घोट्याच्या जोरावर घोडा पळतो म्हणे! त्याला नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागेल, आणि ते माझ्याकडे नाही.

जाणकारांनी कृपया मदत करावी. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या व्युत्पत्त्या नकोत, त्या पालकांकडून भरपूर आल्यात.

बाळीवेशीतला

ताई, आधी म्हणींची खिरापत घ्या, व्युत्पत्ती मोठी माणसं सांगतील. गंगेत घोडं न्हालं. वरातीमागून घोडं. घोडामैदान जवळच आहे. आपलंच घोडं पुढं दामटणे. घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं. आणि सोलापुरात कुठल्याही कचेरीच्या रांगेत ऐकू येणारं, 'घोडं कुठं पेंड खातंय बघा की!' माझा मामा दारात येऊन घाई करणाऱ्याला म्हणायचा, 'घोड्यावर बसून आलास का बे? चहा घे आधी.'

वाचनमात्र_७

गंगेत घोडं न्हालं, यामागची गोष्ट कुणाला माहीत आहे का? काशीला निघालेल्या एका सरदाराची आहे म्हणतात.

जुनी_पोथी

अशा गोष्टी बहुतेक वेळा म्हण रुळल्यावर रचलेल्या असतात, आणि प्रत्येक गावचा सरदार वेगळा असतो. फलकावर नको. अडून बसलेलं काम एकदाचं पार पडलं, एवढा अर्थ पुरे आहे.

आता शिक्षकांच्या खोलीतल्या भांडणाकडे येतो. माझ्या मते दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे.

संस्कृतच्या सरांची साखळी पक्की आहे. संस्कृतात दोन स्वरांमध्ये एकटा सापडलेला 'ट' प्राकृतातून येताना 'ड' होतो. वटाचा वड झाला, घटाचा घडा, कीटकाचा किडा, शाटिकेची साडी, तसाच घोटकाचा घोडा. साडीचं उदाहरण सोलापूरच्या मुलांना वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. घोट्याचं उत्तरही यातच आहे. जोडाक्षरातला 'ट्ट' असेल तर त्याचा ड होत नाही, ट टिकतो आणि बहुधा मागचा स्वर लांबतो: पट्टाचा पाट, हट्टाचा हाट, घट्टाचा घाट. घोट्यात 'ट' शाबूत आहे, म्हणजे तो घोटकाच्या वाटेनं आलेला नाही. संस्कृतात घुटिका म्हणजे पायाचा घोटा, त्याचं कूळ तिकडचं; फक्त तो तिच्या 'ट्ट' असलेल्या एखाद्या भावंडावरून आला असावा. त्या मुलाला सांगा, शंका चांगली होती, पण ट आणि ड यांनी साक्ष फिरवली.

पण सरांचा विषय तिथं संपत नाही, कारण 'घोटक' तरी कुठून आला? ऋग्वेदात अश्व, हय, अर्वन्, वाजिन् सगळे भेटतात, घोटक भेटत नाही. तो मागाहून येतो. 'अश्व'ला जगभर भावंडं आहेत, जुन्या इराणी अवेस्तातला 'अस्प', लॅटिनमधला 'एक्वुस'. घोटकाला त्या घराण्यात कुणी ओळखत नाही. त्यामुळे भारतीय आर्यभाषांच्या टर्नरकृत तौलनिक कोशापासून अनेक अभ्यासक हा शब्द मूळचा आर्यभाषांचा नसावा, बहुधा द्राविडी वळणाचा असावा असं मानतात. पुढं मात्र तो संस्कृतात असा मुरला, की अमरकोशात घोड्याची नावं सांगायला सुरुवातच 'घोटके' या शब्दानं होते, आणि तुरग, तुरंगम, अश्व, हय ही मंडळी त्याच्या मागून येतात.

कुदुरे_आमची

म्हणजे बाई बरोबर! कन्नडमधूनच आला.

जुनी_पोथी

थांबा जरा. 'द्राविडी वळणाचा असावा' आणि 'कन्नडमधून आला' यांत बरंच अंतर आहे. कन्नड कुदुरे, तमिळ कुदिरै, मल्याळम कुदिर ही एका घरातली नावं सरळ दिसतात. पण कुदुरेतल्या क-द-र मधून घोड्यातले घ आणि ड थेट निघत नाहीत. त्यात 'घ' हा महाप्राण, म्हणजे 'ह'ची फुंकर असलेला वर्ण, आणि जुन्या द्राविडी शब्दांत महाप्राण नसतात. फार तर असं म्हणता येईल की खूप जुन्या काळी दक्षिणेत घोड्यासाठी एखादा शब्द होता, त्याचं एक रूप तिकडं कुदुरे-कुदिरै झालं आणि दुसरं संस्कृतात घोट होऊन बसलं. म्हणजे कुदुरे ही घोड्याची आई नव्हे. झालीच तर लांबची चुलत बहीण.

जाता जाता: तमिळमध्ये 'कुदि' म्हणजे उडी मारणे, त्यावरून कुदिरै असं काही जण सांगतात. ते ऐकून कुणी मराठी 'कुदणे' जोडायला येईल. 'कुदणे' संस्कृत 'कूर्द्' या धातूचं आहे. मुलांना हा सापळा आधीच दाखवून ठेवा.

पूर्वभागातला_पोरगा

आमच्या गुर्रमचं काय मग? घरी सगळे तेलुगू बोलतो, आणि गुर्रम हे तर आमच्यात आडनावही असतं. शाळेत मराठी पोरांना त्याचा अर्थ कळला की त्या मुलाची वर्षभर सुटका नसायची.

जुनी_पोथी

गुर्रमला काही कोशकार कुदुरेच्याच घरात बसवतात. पण फलकावर बाण काढून जोडू नका, तिन्ही शब्द शेजारी शेजारी लिहा. आडनावाचं म्हणाल तर मराठीत घोडके आणि घोडेस्वार आहेतच की. कुद्रेमुखही घाला, कर्नाटकातला डोंगर. कुदुरेचं मुख, म्हणजे घोड्याचं तोंड. त्या बाईही खूश होतील.

मिरजेचा_तार

तंबोऱ्याचं मी सांगतो, तुमची विद्यार्थिनी बरोबर आहे. भोपळ्याच्या पुढच्या बाजूला जी लाकडी तबली असते, तिच्यावर मधोमध हाडाची किंवा लाकडाची एक रुंद, बुटकी बैठक असते. चारही तारा तिच्यावरून जातात. तीच घोडी. तिची पाठ सपाट नसते, अगदी किंचित गोलाई दिलेली असते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक बारीक दोरा सरकवतात. तो केसभर पुढं-मागं केला की तार एका ठिकाणी घोडीला चाटून थरथरायला लागते आणि तो झणकार उठतो. त्याला जवारी म्हणतात. घोडीची पाठ झिजली की जवारी बिघडते, मग कारागिराकडे नेऊन ती पुन्हा घासून घ्यावी लागते. मिरजेत हे काम पिढ्यानपिढ्या करणारी घराणी आहेत. सोलापूरहून कुर्डुवाडी-पंढरपूर मार्गानं रेल्वेनं या, मुलांना घेऊनच या.

नाव घोडी का? तारांचा सगळा भार तिच्या पाठीवर असतो. मला तरी यापलीकडे काही शोधावंसं वाटत नाही.

फिरंगी_पावणा

मिरजकर, तुमच्या भाराच्या मुद्द्याला बाहेरून पुरावा देतो. व्हायोलिनवर तारा उचलून धरणारी जी पट्टी असते, तिला फ्रेंचमध्ये 'शव्हाले' म्हणतात. 'शव्हाल' म्हणजे घोडा, शव्हाले म्हणजे लहानसा घोडा. तंबोरा आणि व्हायोलिन यांचं घराणं वेगळं, गावं वेगळी, आणि दोन्हीकडच्या कारागिरांना तोच प्राणी आठवला! चित्रकाराच्या घोडीलाही फ्रेंच 'शव्हाले'च म्हणतात. तीच घोडी इंग्रजीत 'ईझल', आणि तो शब्द आला डच 'एझल'वरून. एझल म्हणजे गाढव. सुतार लाकूड कापायला जो चारपायी लाकडी आधार घेतो त्याला इंग्रजीत घोडा म्हणतात, जर्मनमध्ये बोकड. रंगाऱ्याची घोडी याच कळपातली. चार पाय, वर पाठ, पाठीवर ओझं. जनावर कोणतं घ्यायचं एवढंच प्रत्येकानं आपापल्या गोठ्यात बघून ठरवलं.

बंदुकीचा घोडा मात्र या कळपात बसत नाही, तो काही ओझं वाहत नाही. जुन्या बंदुकीत मागं ओढून ठेवायचा आणि चाप दाबला की टक्कन पुढं आपटायचा, तो तुकडा म्हणजे घोडा. पुढं बोलताना चापालाच घोडा म्हणायला लागले. इंग्रजांनी याच तुकड्याला कोंबडा म्हटलं, फ्रेंचांनी कुत्रा. बहुतेक त्याची वाकडी मान आणि झेप घेण्याची ढब पाहून ही नावं पडली असावीत. हा माझा अंदाज, फलकावर लिहायचा तर 'असावं' लावून लिहा.

शाळूची_कणसं

हे भलतंच सुंदर आहे! शव्हाले आणि घोडी शेजारी शेजारी लावणार. मुलांना नाव कसं पडतं हे यातून जास्त कळेल, नुसत्या 'घोटक, घोडअ, घोडा'नं ती जांभया देतात.

बुद्धिबळाचं मुलांनीच शोधलं: चतुरंग सेनेतला हा घोडा, अडीच घरांची चाल. तेवढ्यावर ते सोडतेय.

एक प्रश्न राहिला. घोडचूक आणि घोडनवरी यांत घोडा कशाला? आणि घोड्याच्या सामानाची यादी करताना लक्षात आलं, लगाम, खोगीर, रिकीब, नाल... यातला एकही शब्द मुलांच्या आजोबांना संस्कृतात जोडता येईना.

बाळीवेशीतला

घोड म्हणजे वाजवीपेक्षा मोठं. लग्नाचं वय उलटून गेलेली ती घोडनवरी, आणि झाकता न येण्याएवढी चूक ती घोडचूक. घोडनवरी फलकावर लावू नका ताई, एखादी पालक आई दुखावेल. ऐकायला हसू येतं, पण ज्या मुलींनी हा शब्द घरात ऐकलाय त्यांना येत नाही.

शाळूची_कणसं

पटलं. काढला. घोडचूक ठेवते.

बारगीर

सामानाचं मी घेतो, माझा आवडता विषय आहे. चांगल्या जातीचे घोडे दख्खनेत शतकानुशतकं समुद्रावरून येत होते, अरबस्तान आणि इराणच्या बंदरांतून. विजयनगरनं त्यासाठी पाण्यासारखा पैसा ओतला. घोड्याबरोबर त्याला हाताळणारी माणसं आली आणि त्यांची भाषाही आली. म्हणून जनावराचं नाव इथलं राहिलं, आणि त्याच्या अंगावरचं जवळजवळ सगळं फारसी-अरबी झालं. लगाम, जीन आणि रिकीब तिकडचे. नाल हा अरबीतला जोडा. पागा, तबेला तिकडचे. अबलख हा रंगही तिकडचा. चाबूक हा फारसीत मुळात 'चपळ' या अर्थाचा शब्द, पुढं तो मारायची वस्तू झाला. खोगीर तर मजेदार आहे. फारसीत 'खोय' म्हणजे घाम आणि 'गीर' म्हणजे धरणारा. खोगीर म्हणजे घाम टिपून घेणारं! आपण त्यात भरती केली आणि 'खोगीरभरती' म्हणून बिनकामाच्या माणसांना चिकटवलं.

आणि मुलांना हे नक्की सांगा: 'स्वार' हा शब्द जुन्या फारसीतल्या 'असबार'चा वंशज आहे. 'अस' म्हणजे घोडा आणि 'बार' म्हणजे वाहिलेला, मिळून घोड्यानं वाहून नेलेला. म्हणजे स्वारात घोडा आधीच दडलाय, आणि 'घोडेस्वार' म्हणताना आपण त्याला दोन घोडे देतो. सायकलस्वारालाही एक घोडा फुकट मिळतो.

पण सगळंच बाहेरचं नव्हतं. भीमेच्या काठचं तट्टू, भीमथडी, बुटकं, काटक, डोंगरात न थकणारं. मराठ्यांची घोडदौड मोठ्या प्रमाणावर त्याच्या पाठीवर झाली. तुमच्या जिल्ह्यातून भीमा वाहते, तेव्हा हे घातलंच पाहिजे.

वाचनमात्र_७

मग मराठीत अश्वाचं काही उरलंच नाही का?

जुनी_पोथी

बोलीत एक चिमूटभर उरलंय, आयुर्वेदाच्या दुकानात. अश्वगंधेला मराठीत आसंध म्हणतात. त्यातला 'आस' म्हणजे प्राकृत 'अस्स', म्हणजे अश्व. ओल्या मुळाला घोड्यासारखा वास येतो म्हणून हे नाव. बाकी 'अश्व' आपण पुन्हा संस्कृतातून उसना आणला, तोही सणासुदीला आणि सरकारी कामाला. विहिरीवर पाच एचपीची मोटर, आणि कागदावर पाच 'अश्वशक्ती'. घोडाशक्ती कुणी लिहीत नाही. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॅट, हे विज्ञानाच्या बाईंकडून लिहून घ्या.

माळशिरसकर

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आमच्याकडं दरवर्षी आषाढात बघायला मिळतं. माउलींच्या पालखीचं गोल रिंगण पुरंदावड्याला आणि खुडूसला होतं. अंकलीहून शितोळे सरकारांचे दोन घोडे येतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार, दुसऱ्याच्या पाठीवर कुणीच नाही, कारण तिथं माउली बसलेली. हा मोकळा घोडा रिंगणात सुटला की लोक श्वास रोखून बघतात, आणि दौड संपली की टापांखालची माती उचलून कपाळाला लावायला एकच झुंबड. त्याला कुणी घोडा म्हणून बघा! 'माउलींचा अश्व'च म्हणायचं. आणि त्याच तालुक्यात अकलूजला जनावरांचा बाजार भरतो तो मात्र 'घोडेबाजार', तिथं दात मोजतात, चाल बघतात, आणि कुणी अश्व म्हणत नाही. आमदारांच्या पळवापळवीला घोडेबाजार म्हणतात ते इंग्रजीवरून उचललेलं. खऱ्या घोडेबाजारातल्या माणसाला त्याचा राग येतो. तिथं निदान घोडा कुणाचा हे सौदा होईपर्यंत माहीत असतं.

शाळूची_कणसं

सर्वांचे मनापासून आभार. फलकाचा आराखडा असा ठरवतेय. मध्ये घोडा. डाव्या बाजूला गुर्रम, कुदुरे, घोटक, घोडा शेजारी शेजारी, बाणांशिवाय. उजव्या बाजूला ओझं वाहणारे घोडे: रंगाऱ्याची घोडी, तंबोऱ्याची घोडी, शव्हाले आणि ते डच गाढव. खाली घोड्याच्या चित्रावर फारसी सामान, प्रत्येक वस्तूला तिच्या नावाची चिठ्ठी. घोटा कोपऱ्यात, 'हा पाहुणा नातेवाईक नाही' या शीर्षकाखाली. ज्या मुलानं आणला त्यालाच ट-ड चा नियम लिहायला दिलाय. रिंगण आणि अकलूज यांना एकाच चौकटीत.

संस्कृतच्या सरांनी हा धागा वाचला. म्हणाले, 'सैंधव' कसं विसरलात? सिंधूकडचं ते सैंधव, म्हणून घोडाही सैंधव आणि मीठही सैंधव. एका शब्दाचे दोन अर्थ शिकवताना शास्त्रकारांचं ठरलेलं उदाहरण आहे म्हणे: जेवताना 'सैंधव आण' म्हटलं तर मीठ आणायचं, बाहेर निघताना म्हटलं तर घोडा. कन्नडच्या बाई लगेच म्हणाल्या, उलटं केलं तर? त्यावर दोघंही हसले, पहिल्यांदाच. हेही फलकावर घेते, वरच्या पट्टीवर.

मिरजकर, एक विनंती. घोडीचा बाजूनं काढलेला, तार आणि दोरा दिसेल असा जवळचा फोटो मिळेल का? आमच्या मुलीचा तंबोरा इलेक्ट्रॉनिक निघाला.

मिरजेचा_तार

रविवारी एका कारागिराकडे जातोच आहे. दोन फोटो पाठवतो, एक दोरा नसताना आणि एक दोरा लावून. आवाजही रेकॉर्ड करून देतो, फलकाशेजारी मोबाइल ठेवून वाजवा.